गेर जिथून वळली

माझा बा, सोमला राठोड, कशावरही वाजवतो. पत्र्याची पेटी, एसटीच्या पुढच्या सीटची पाठ, पालथी बादली, पीठ मळून झालेली परात. लहानपणी मला ताप आला की तो पाठीवर थोपटायचा, तेही ठेक्यात, आणि ताप उतरायच्या आधी मला अख्खं गाणं पाठ व्हायचं. याडी, म्हणजे माझी आई गोमतीबाई, वैतागायची. "हात हायेत का माकडं हायेत?" असं ती त्याला चारचौघांत विचारायची. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याडी गेली. तेरवीपर्यंत मी तांड्यावर राहिले, आणि मला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर बाचे हात. ते मांडीवर नुसते पडून होते.

आमचा तांडा अनसिंगपासून पायी पाऊण तासावर. साठेक घरं, सगळी बंजाऱ्यांची. मी वाशीमला एका शाळेत शिकवते आणि नवऱ्यासोबत तिथेच राहते. घरात आम्ही आमच्या गोरमाटीत बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून बोलणं वऱ्हाडीत लिहिते. बाला दोन्ही बोली सारख्याच मोठ्या आवाजात येतात, त्यामुळे फारसं काही बिघडत नाही.

बाचे हात का पडून होते, ते सांगायला हवं. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तांड्यात गेर निघते. गेर म्हणजे लेंगी, आमची होळीची गाणी, गात नाचणाऱ्या माणसांचं कडं. मधोमध नगारा आणि कांशाची थाळी. ही गेर आधी रंग खेळत नाही. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी ती आधी जाते. घरची बाई पाण्याचा लोटा घेऊन दारात उभी राहते. गेर दाराशी गाते, घरच्यांना हाताला धरून कड्यात ओढते, एक फेरा घ्यायला लावते. मग ती बाई लोट्यातलं पाणी उंबऱ्यावर ओतते आणि त्या घराचा शोक संपतो. याला आम्ही दार उघडणं म्हणतो. तोवर त्या घरात तळण नाही, नवं कापड नाही, सोयरीक नाही. आणि घरातलं कोणी वाजवणारं असेल तर तोवर त्यानं वाद्य वाजवायचं नाही. दाराशी आलेल्या माणसानं ते त्याच्या हातात द्यायचं, तेव्हाच. दुसऱ्या तांड्यांत असं असतं की नाही, मला माहीत नाही. आमच्यात आहे, आणि बा ते परातीच्या बाबतीतसुद्धा पाळत होता.

पोळ्यापासून होळीपर्यंत सहा महिने. ज्यानं दहाव्या वर्षापासून एक दिवस हात गप्प ठेवले नाहीत, त्या माणसाला सहा महिने. मी फोन केला की तो एकच विचारायचा, "होळी कोन्या तारखीले हाये?" मी सांगायचे. आठवड्यानं पुन्हा तेच. शेवटी मी चिडले. म्हटलं, बा, तारीख बदलत नाही. तो म्हणाला, "बदलत नाई हे ठाऊक हाये. आयकाले बरं वाटते."

बाची जोडी फुलचंदकाकांशी. बाचा नगारा, काकांची थाळी. थाळी डाव्या अंगठ्यात दोरीनं लटकवायची आणि लाकडाच्या खुंटीनं मारायची. ऐकणाऱ्याला वाटतं दोघं एकदम वाजवतात. तसं नसतं. नगारा मध्येच एक जागा सोडतो, अगदी लहानशी, आणि थाळी नेमकी तिथे पडते. बा म्हणायचा, "वाजवाले कोनालेबी येते. जागा सोडाले आलं पायजे." ही अक्कल तो आम्हाला जेवताना, भांडताना, सगळीकडे शिकवायचा. मला बघायला आलेल्या एका मुलाला त्यानं नकार दिला, कारण बैठकीत भजनाची टाळी त्या मुलानं चुकीच्या जागी वाजवली. माझा नवरा तर टाळीही वाजवू शकत नाही. पण तो ओशाळून खाली बघत राहिला, म्हणून पास झाला.

दसरा झाला की अर्धा तांडा ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जायचा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आमच्या घरचा एक कोयता, फुलचंदकाका आणि ललिताकाकी दुसरा. याडी भांडी बांधायची आणि बा आधी नगारा चढवायचा. "पातेलं ठेवाले जागा नाई अन् हे ढोलकं," असं ती म्हणायची. नगाऱ्याला ढोलकं म्हटलेलं बाला सहन होत नसे, आणि ती तेवढ्याचसाठी म्हणायची. हाताला फोड आलेले, तरी सुट्टीच्या दुपारी दोघं पालासमोर बसायचे. याडी आणि ललिताकाकी गायला लागायच्या. दुसऱ्या जिल्ह्यांतले मजूर येऊन भोवती बसायचे. गाणं त्यांना कळायचं नाही, ठेका कळायचा. मी तिथेच पाचटावर झोपून मोठी झाले. आजही कुठे थाळी वाजली की मला उसाच्या पाचटाचा वास येतो.

आता सात वर्षांपूर्वीचं. फुलचंदकाकांचा एकुलता मुलगा नवीन, चोवीस वर्षांचा. मी डी.एड. करत होते तेव्हा हाच मला सकाळी मोटारसायकलवर अनसिंगला सोडायचा, आणि वाटभर लेंगी म्हणायचा, खड्डा आला की तान घ्यायचा. कारखान्याच्या वाटेवर उसाची ट्रॉली उलटली आणि नवीन तिच्याखाली सापडला. त्याला तांड्यावर आणलं, माती दिली, आणि सहाव्या दिवशी होळी आली.

त्या होळीला मी नव्यानंच नोकरीला लागलेली मास्तरीण होते. तांड्यातली पहिली. बा मला घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवायचा, जणू मी प्रदर्शनातली गाय. सकाळी सेवालाल महाराजांच्या मंदिरापासून गेर निघाली, चाळीसेक माणसं. पुढे बा, गळ्यात नगारा. फुलचंदकाकांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली गेर पोचली आणि मी धावत जाऊन बापुढे उभी राहिले. नगारा थांबला, मागचं गाणं चालूच होतं.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "बा, जराशी तं लाज ठेव. पोट्टा मरून आठ दिवस नाई झाले, अन् तुमी त्याच्या मायच्या दारात नाचाले चालले? लोक काय म्हनतीन? तिच्या जिवाचा तं इचार कर."

मला तेव्हा खरंच वाटत होतं की मी ललिताकाकीला जपतेय. मी कॉलेजात शिकले होते की दुःखात माणसाला एकटं सोडावं, हलक्या आवाजात बोलावं. बानं माझ्याकडे पाहिलं. मग गल्लीतल्या त्या दाराकडे पाहिलं. चाळीस माणसं मागे थांबलेली. मला वाटलं तो मला बाजूला सारेल. त्यानं काड्या खाली केल्या, आणि गेर डावीकडे वळवली.

एवढंच झालं. दहा पावलांचा फरक.

फुलचंदकाकांनी त्यानंतर थाळी हातात घेतली नाही. घेणार कशी, दार उघडलंच नव्हतं. बाशी बोलणं बंद. दुसऱ्या वर्षी बा गेर घेऊन गेला तर दाराला कुलूप. दोघं रानात निघून गेलेले. तिसऱ्या वर्षीही कुलूप. चौथ्या वर्षी कोरोनामुळे गेरच निघाली नाही, आणि त्याच उन्हाळ्यात ललिताकाकी गेली. तीन वर्षांत तिनं अंगावर नवं कापड घातलं नव्हतं. एकच विटलेली ओढणी, ठिगळावर ठिगळ. मी ती पाहायचे आणि दुसरीकडे बघायचे. पुढेही गेरच्या दिवशी काकांच्या दाराला कुलूपच.

याडीनं बाला यावरून फार बोल लावले. "चाळीस वर्सांचा दोस्त, अन् त्याचंच दार सोडलं. काय शिरलं होतं डोक्यात?" बा पानाचा देठ खुडत बसायचा. मी समोर असायचे. कधी भाकरी थापत, कधी वह्या तपासत. बानं एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाही, आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही. गेरीतल्या मागच्या माणसांना त्यांच्याच गाण्याच्या गलक्यात ऐकू आलं नव्हतं, त्यांना वाटलं सोमलाचंच मन कच्चं पडलं. मीही ते तसंच राहू दिलं. दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोलायला शिकवून पगार घेते मी.

यंदाच्या होळीला मी आदल्या दिवशीच तांड्यावर आले. साठ घरांतली चाळीस घरं कुलूपबंद. ऊस अजून संपला नव्हता. बा पहाटे अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसला होता. घरात कोपऱ्यात नगारा, त्याच्यावर याडीची ओढणी. "गेर येईन आता," तो म्हणाला. मी अंगण झाडलं. लोटा घासून, भरून ठेवला. आठ वाजले. नऊ वाजले. उन्हाचा पट्टा ओट्यावर चढला तसा तो सरकत सरकत भिंतीला टेकला. सहा महिने तारीख विचारणारा माणूस, आणि त्या तारखेला कोणी येत नव्हतं.

साडेनऊला आमचे नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, अमरसिंग आले, हातात मोबाईल आणि एक लहान स्पीकर. ओशाळलेच होते बिचारे. "सोमला, पोट्टे समदे कारखान्यावर. मी, चार म्हाताऱ्या, अन् कोन? याच्यात लेंगी भरून आनली. हे लावून फेरा घेऊ. चालन काय?"

बा त्या स्पीकरकडे बघत राहिला. रागानं नाही. मग म्हणाला, "नायक, हा माह्या हातात काडी कशी देईन?"

मला तिथे उभं राहवेना. मी चपला घातल्या आणि चालत सुटले. कुठे चाललेय ते मलाच कडुनिंबापाशी पोचल्यावर कळलं.

फुलचंदकाका दाराबाहेर पोत्यावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. सणाच्या दिवशी कोणी काम करत नाही. पण त्यांच्या घरी सात वर्षं सण नव्हता.

"काका," मी म्हटलं, "बा वाट पाहून राह्यला."

"कोनाची?"

"गेरची."

"गेर कुठी हाये?"

"नाई. म्हनून तुमच्याकडं आली."

ते सोलतच राहिले. मला वाटलं, आता जा म्हणतील, आणि तो त्यांचा हक्कच होता. मूठभर घाटे सोलून झाल्यावर म्हणाले, "गोमती वयनी दर होळीले पुरनाची पोळी पाठवे. मी कधी खाल्ली नाई. बकरीले घातली. तिले ठाऊक होतं, तरी पाठवे." त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली आणि भिंतीला धरून उठले. "चाल."

ज्याचं स्वतःचं दार बंद, त्यानं दुसऱ्याचं उघडलेलं चालतं का, हे विचारायला नायकांशिवाय कोणी नव्हतं, आणि नायक घाईघाईनं म्हणाले, चालते. स्पीकर त्यांनी खिशात घातला होता. फुलचंदकाका ओट्यापाशी आले. बा उभा राहिला. सात वर्षांत हे दोघं एकमेकांच्या एवढे जवळ आले नव्हते. काकांनी आत जाऊन नगाऱ्याच्या काड्या आणल्या आणि बाच्या हातात ठेवल्या. "घे," म्हणाले. एवढंच. नायकांनी गायला सुरुवात केली, चार म्हाताऱ्यांनी टाळ्यांवर साथ धरली, त्यांतल्या दोघींना दमा. बानं एक फेरा घेतला. मी उंबऱ्यावर पाणी ओतलं. याडीचा शोक संपला म्हणायचा. माझा काही संपला नाही, पण रीत झाली.

बानं नगारा गळ्यात घातला, पण वाजवला नाही. "फुलचंद," तो म्हणाला, "पयले तुह्या दारात."

"ललिता गेली. आता कायले?"

"माह्यासाठी चाल."

सगळे कडुनिंबापाशी आलो. सहा महिने पडून नगाऱ्याचं कातडं सैल पडलं होतं. उन्हात तापवल्याशिवाय ते बोलणार नाही, म्हणून बा आणि नायक तिथेच कोपऱ्यावर थांबले. बा मला म्हणाला, "शीला, तू म्होरं हो. दारात बाई लागते. फुलचंदच्या घरात हाये कोन?"

म्हणून मी गेले. काकांच्या माठातून लोटा भरला आणि त्यांच्या दारात उभी राहिले. काका माझ्या मागे, उंबऱ्याच्या आत. फडताळावरची थाळी मी त्यांना काढून दिली होती. ती हिरवी-काळी पडली होती आणि ते धोतराच्या सोग्यानं पुसत होते.

कोपऱ्यावरून बाचा आवाज आला. "नायक, थोडं इकडून तापू दे. बाईच्या अंगावरच्या लुगड्यासारकं ताठ पायजे." नायक म्हणाले, "लुगडं कवा ताठ असते रे?" ते हळू बोलत होते. तरी मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. गल्ली अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना भिंती आहेत. कोपऱ्यावर कडुनिंबाखाली कोणी काही बोललं तर ते सरळ या दारात येतं.

मी हातातल्या लोट्याकडे पाहिलं.

त्या दिवशी ललिताकाकी इथेच उभी होती. लोटा घेऊन. गेर येणार म्हणून. मागच्या चाळीस माणसांना त्यांच्याच गलक्यात ऐकू आलं नव्हतं. पण मी समोर आले तेव्हा बानं वाजवणं थांबवलं होतं. आणि मी हळू बोलले नव्हते. मास्तरीण होते मी, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची सवय.

मी मागे वळले. "काका, काकीनं आयकलं होतं?"

ते थाळी पुसायचे थांबले नाहीत. "हो."

"तुमाले सांगतलं?"

"त्याच दिवशी."

"मंग मले कोनी काहून बोललं नाई? सात वर्सं?"

"ती म्हने, पोरगी हाये. माह्याच जिवासाठी बोलली. तिले सांगू नका, तिले लय लागन." काकांनी थाळी उजेडात धरून पाहिली. "राग तुह्यावर नोताच. मी सोमलाची वाट पायत होतो. त्यानं एक डाव येऊन म्हनाव, पोट्टी म्हनली म्हनून वळलो. तेवढं म्हनला असता तं मी त्याच दिवशी थाळी उचलली असती. पन तो तुह्यावर येऊ देईना. अन् मी त्याले विचारीना."

मी रडले. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तीन म्हातारी माणसं माझ्या एका वाक्यावर सात वर्षं हात ठेवून बसली होती, मला दिसू नये म्हणून. त्यातली एक ठिगळाच्या ओढणीतच मरून गेली. बानं त्यासाठी आपली थाळी गमावली होती, आणि मी त्याला फोनवर तारखेवरून झापत होते.

"नीट उभी राह्य," काका म्हणाले. "ते येऊन राह्यले."

गेर गल्लीत आली. सहा माणसं. बा दाराशी थांबला, काकांच्या हातातून थाळी घेतली आणि रीतीप्रमाणे परत त्यांच्याच हातात दिली. मग त्यानं काड्या उचलल्या. पहिला ठोका कोरडा पडला, दुसरा बरा. ठेका धरला. मध्ये जागा सोडली. ती रिकामी गेली. पुन्हा वाजवलं, पुन्हा जागा सोडली, काकांची खुंटी हवेतच राहिली. बानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो फक्त जागा सोडत राहिला. सहाव्या की सातव्या वेळेला थाळी पडली, किंचित उशिरा. आठव्या वेळेला बरोबर.

ललिताकाकीनं जिथून ओळ उचलायची तिथे कोणी उचलली नाही. याडीनं जिथून साथ द्यायची तिथेही नाही. नायक एकटेच गात होते. काका थाळी वाजवत उंबरा ओलांडून बाहेर आले, फेरा घेतला, आणि बाच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

बानं मला मानेनं खुणावलं. आता पाणी ओतायचं होतं.

मला एवढंच दिसत होतं की त्या दिवशी गेर वळल्यावर ललिताकाकी थोडा वेळ तशीच उभी राहिली असेल. मग आत गेली असेल, आणि भरलेला लोटा माठात परत ओतला असेल.

मी उंबऱ्यावर पाणी ओतलं.